आक्का, मी गायला लागलो की लोक हसतात

पत्र थोडक्यात असं. (नाव, गाव, शो, चॅनल सगळं काढलंय, खाणाखुणाही थोड्या बदलल्यात.)

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातला 33 वर्षांचा एक मुलगा. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे म्हणून लहानपणापासून गाणं, गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, कॉलेजकडून विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवात गायला गेला आणि ऐनवेळी कोणीतरी आजारी पडलं म्हणून प्रहसनात उभा राहिला. तिथून नाटक, मग ऑर्केस्ट्रात गाणं आणि मिमिक्री दोन्ही, मग मुंबई, आणि शेवटी एका मराठी चॅनलच्या स्किटवाल्या कॉमेडी शोमध्ये सव्वातीन वर्षं. तिथे त्याचा किराणा दुकानातला घाबरट नोकर जाम गाजला. मान आत ओढायची, डोळे मोठे करायचे आणि 'मी काही बोल्लोच नाही!' म्हणायचं, एवढ्यावर लोक पोट धरून हसायचे. गेल्या दिवाळीत शो बंद झाला. आता एका विनोदी मालिकेची ऑफर आलीय, वर्षभराचं काम, पात्र पुन्हा घाबरटच. त्याला ती नाकारायचीय, विनोद कायमचा सोडायचाय आणि तीन लाखांचं कर्ज काढून स्वतःच्या गंभीर गाण्यांचा व्हिडिओ अल्बम करायचाय. बायको म्हणते काम घे, वडील म्हणतात घरच्या केळीच्या शेतीत लक्ष घाल. मध्यंतरी सासरवाडीला, धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात, कानबाई देवीच्या जागराला त्याला गायला उभं केलं आणि लोक हसले, ते फार मनाला लागलंय. शेवटी विचारतो, 'आक्का, विनोदाने माझं गाणं खाल्लं. विनोद सोडला तर गाणं परत येईल का?'

भाऊ,

पत्र लांबलचक लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर लोक मला चार ओळी पाठवतात आणि म्हणतात आता आयुष्याचं सांगा. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच लिहून पाठवलंयस, फक्त तुझं तिकडे लक्ष गेलेलं नाही. कानबाईच्या रात्रीचं तू जे लिहिलंस ते तसंच उतरवते: 'अभंगाची पहिली ओळ गायलो. एकदम सगळं शांत. कोणी हलेना. मला वाटलं, पडलं हे. तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, हाऊ आते काय करस देख! (हा आता काय करतो बघ!) आणि माझी मान आपोआप आत गेली. मग काय, हशा. दुसरी ओळ गाताच आली नाही.'

आता मला सांग, त्यांना हसवलं कोणी?

मी खान्देशातच वाढलेली बाई आहे, कानबाईचा जागर म्हणजे काय असतो ते मला माहितीय. मांडवात कानबाई बसलेली, नैवेद्याच्या रोटांचा वास, बायकांच्या फुगड्या नुकत्या थांबलेल्या, पोरं मोबाईल काढून तयार, एखादं तान्हं रडतंय, कोपऱ्यात दोन म्हातारे कापसाच्या भावावरून भांडतायत. अशा कलकलाटात तुझ्या एका ओळीने अख्खा मांडव गप्प झाला! अरे गाणाऱ्या माणसाला याच्याहून मोठी दाद कुठली असते? लोक ऐकत होते रे. ऐकणारा माणूस असाच दिसतो, तोंड थोडं उघडं आणि हात जागच्या जागी.

पण तू सव्वातीन वर्षं अशा ठिकाणी नोकरी केलीस जिथे शांतता म्हणजे स्किट झोपलं. पंच टाकायचा, अर्ध्या सेकंदात हशा आला तर ठीक, नाही आला तर पोटात खड्डा, समोर पाहुण्यांचे चेहरे, बाजूला सहकलाकार सावरून घ्यायला बघतोय, विंगेत लेखक कपाळाला हात लावून उभा. महिन्यामागून महिने हे केल्यावर अंग शिकतंच. शांत झालं की काहीतरी कर, मान आत घे, डोळे फिरव. तुझ्या अंगाने त्या रात्री शिकलेलं काम चोख बजावलं. पोरगा ओरडला तेव्हा नुसतीच खसखस पिकली असती आणि विरून गेली असती, तू मान आत घेतलीस म्हणून हशा झाला. तेव्हा 'लोक मला सिरियसली घेत नाहीत' हे जे तू तीनदा लिहिलंयस ते मला काही पटलेलं नाही. लोक घ्यायला तयार होते, तूच शांततेला घाबरलास.

(हे नटालाच होतं असं नाही बरं का. ऑफिसात, मित्रांत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याला सगळे 'आपला कॉमेडीवाला' म्हणतात त्यालाही हेच होतं. गंभीर काही बोलायचं असतं, समोरचे ऐकायला गप्प होतात आणि ह्याला ती शांतता झेपत नाही, मग स्वतःच एक जोक मारून मोकळा. नंतर तक्रार, की माझं कोणी ऐकतच नाही. अशांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.)

दुसरं तू गृहीत धरलंयस की विनोद आणि गाणं एका म्यानात राहत नाहीत, एक ठेवायचं तर दुसरं टाकायला पाहिजे. हे तुला कोणी सांगितलं? आपल्याकडे तर उलटीच उदाहरणं पडलीत. पु. ल. देशपांडे घे. अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं त्या माणसाने, पण त्याच वेळी पेटी वाजवणारा आणि चाली लावणारा पक्का संगीतकार. 1953 चा 'गुळाचा गणपती', त्यात लेखन, दिग्दर्शन, संगीत, प्रमुख भूमिका सगळं पुलंचं, आणि सिनेमा विनोदी, भोळ्या माणसाची फजिती वगैरे. आणि त्याच सिनेमात 'इंद्रायणी काठी' आहे, गदिमांचे शब्द, पुलंची चाल, भीमसेन जोशींचा आवाज. आजही कुठल्या देवळात ते लागलं की लोक हात जोडतात, कोणाला आठवतसुद्धा नाही की हे एका विनोदी सिनेमातलं गाणं आहे. पुलंनी आधी विनोद सोडला आणि मग चाल लावली असं काही झालं नाही. एकाच सिनेमात, एकाच वर्षी, एकाच माणसाने दोन्ही केलं.

बरं पुलं लांबचे वाटत असतील तर तुझ्या शेजारचा माणूस घे. रावेरला गाडीत बसलास की बऱ्हाणपूर, नेपानगर आणि पुढे खंडवा. किशोर कुमार तिथला, 1929 चा जन्म. त्याला गायचं होतं, मोठ्या भावाला, अशोक कुमारला, वाटायचं याने नट व्हावं, आणि झालं काय तर पन्नासच्या दशकात तो विनोदी हिरो म्हणूनच चालला. 'चलती का नाम गाडी' 1958 चा, 'हाफ टिकट' 1962 चा, सगळ्या उड्या आणि वेडेपणा. आणि आता हे ऐक, 1958 मध्येच 'रागिनी' नावाच्या सिनेमात पडद्यावर किशोर कुमार आहे आणि शास्त्रीय वळणाच्या एका गाण्यात त्याच्या तोंडी आवाज आहे मोहम्मद रफींचा! म्हणजे गाणारा माणूस समोर उभा, आणि गाणं दुसऱ्याला. तुझ्या मांडवातल्या हशापेक्षा हे किती मोठं दुखणं आहे बघ. त्याने काय केलं, विनोद टाकून दिला? नाही. 1962 च्या 'हाफ टिकट'मध्ये बाईचा आणि पुरुषाचा दोन्ही आवाज स्वतः काढून एक अख्खं गाणं गायलं, ते ऐकून आपण हसतो, पण डोळे मिटून नुसतं गाणं ऐक, त्या सुरांच्या उड्या कोणा कच्च्या गायकाला जमणार नाहीत. मग 1964 मध्ये स्वतःच एक गंभीर सिनेमा काढला, दिग्दर्शनही त्याचं आणि संगीतही. आणि ज्याला आपण आज मोठा पार्श्वगायक म्हणतो तो खऱ्या अर्थाने 'आराधना'नंतर झाला, 1969, तेव्हा वय चाळीस. तू 33 चा आहेस आणि मला लिहितोस की वेळ निघून गेली. जरा दम धर.

बाहेरच्या देशातलंही एक सांगते. ह्यू लॉरी, 'हाऊस' या इंग्रजी मालिकेत डॉक्टर हाऊस करणारा नट. तो मुळात ब्रिटिश टीव्हीवरचा स्किटवाला, स्टीफन फ्रायसोबत बीबीसीवर वर्षानुवर्षं वेडीवाकडी स्किटं केली आणि त्या स्किटांतच पियानोवर बसून विनोदी गाणी म्हणायचा. शब्द फालतू असायचे पण पियानो एकदम पक्का. मग 2011 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याने न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा आख्खा अल्बम काढला आणि बँड घेऊन दौरे केले. लोकांनी ऐकलं. त्याने विनोदात असताना पियानो बंद ठेवला नव्हता हे मात्र लक्षात घे.

इथे मी तुझ्यावर येते. 'विनोदाने माझं गाणं खाल्लं' असं तू लिहितोस. तुझ्या पत्रात कुठल्या स्किटमध्ये कुठला पंच बसला, कुठला गेला, कोणत्या पाहुण्याने उठून टाळ्या वाजवल्या, टीआरपी कधी पडला, सगळं आहे. गाण्याबद्दल काय आहे? 'मी मूळचा गायक.' झालं. आवाज हल्ली कुठल्या पट्टीत बसतो, पूर्वी काळी दोनमध्ये मोकळा लागायचा तसा लागतो का, खर्जाचा रियाज चालू आहे का, कोणाचं गाणं सध्या ऐकतोयस, कुठली चाल डोक्यात घोळतेय, एक अक्षर नाही. ज्या अल्बमसाठी तीन लाख काढायचेत त्यात कुठली गाणी आहेत तेही नाही! शूटिंगच्या धबडग्यात रियाज सुटतो, मला मान्य आहे, सकाळी सातची गाडी, रात्री परत, दुसऱ्या दिवशी रिहर्सल, गोरेगावच्या भाड्याच्या खोलीत तानपुरा लावला तर शेजारचा भिंत बडवतो. पण शो दिवाळीत बंद झाला रे. त्यानंतर तुला कोणी अडवलं होतं? हे टोचायला नाही म्हणत. पण चोर ओळखायला चुकलास तर विनोद सोडशील आणि गाणं तरीही येणार नाही, आणि मग कोणाला दोष देशील, बायकोला की केळीला?

उलट मला तर वाटतं तुझा विनोद गाण्यावरच उभा आहे. तूच लिहिलंयस की दिग्दर्शक तुझ्या पॉजचं कौतुक करायचा, म्हणायचा हा बरोब्बर थांबतो. ते थांबणं तू कुठे शिकलास? लहानपणी वडिलांच्या पेटीशेजारी बसून भजनी ठेक्यात टाळ धरलास तिथे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर आधी किती रेंगाळायचं हे ज्याच्या अंगात आहे त्याला पंच कुठे टाकायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. तो घाबरट नोकर तुझ्या कानाने चालायचा, मानेने नाही, मान नंतर आली.

आता ऑफर. सरळ सांगते, मी असते तर घेतली असती, पण आहे तशी नाही. कारण पैशाचा हिशेब तू लिहिलाच नाहीस पण वाचता येतो, दिवाळीपासून काम नाही, ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांची बोलावणी, येतात ती त्याच पात्रासाठी, आणि वर कर्जाची भाषा. अशा वेळी 'मी आता फक्त गंभीर' म्हणून घरी बसलेला माणूस चार महिन्यांत कुठलीही सुपारी घ्यायला लागतो, आणि ती घाईत घेतलेली कामंच माणसाला खरं जोकर करतात. वर्षभराचं काम असलं तर तेवढे दिवस तुझं गाणं पोटासाठी राबणार नाही, आणि नव्याने शिकताना त्याला ही सवलत लागतेच.

पण तू करारातलं जे कलम लिहिलंयस, 'चॅनलच्या परवानगीशिवाय स्टेजवर कोणताही कार्यक्रम करता येणार नाही', त्यावर सही करण्याआधी बोल. असं कलम बहुतेक ठिकाणी असतं, ते त्यांच्या बाजूने बरोबरही आहे, त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या शोमध्ये जाऊ नये एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून तू भांडू नकोस, तुझ्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे जो तुझी कामं ठरवतो त्याला, साध्या भाषेत लिही की शास्त्रीय, भक्तिगीत, भजन, कीर्तन यांचे कार्यक्रम आणि स्वतःची गाणी रेकॉर्ड करून स्वतःच्या नावाने टाकणं हे यातून वगळा, आणि त्यात मालिकेचं पात्र, वेष, पालुपद वापरणार नाही हे मी लिहून देतो. बऱ्याचदा ऐकतात, कारण त्यांचं काही जात नाही. नाहीच ऐकलं, वर्षभर कुठेच गायचं नाही असंच म्हणाले, तर मात्र सोड. तेव्हा तू विनोदाला कंटाळून सोडलेलं नसेल, गाण्यासाठी सोडलेलं असेल, आणि हा फरक तुझा तुला झोपताना कळेल. आणि करार संपल्यावरही अमुक वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही असं कुठे बारीक अक्षरात असेल तर घाबरू नकोस, 1872 च्या करार कायद्याचं 27 वं कलम अशा बंदीच्या आड येतं, पण एकदा जळगावात वकिलाला कागद दाखव, फोनवर विचारू नकोस, कागद हातात देऊन दाखव.

त्या पात्राच्या घाबरटपणाबद्दल. तुला वाटतं पुन्हा घाबरट केला की शिक्का बसला. अरे शिक्का आधीच बसलाय! आता त्याच्यात काय भर घालायची ते बघ. लेखकाला विचार, ह्या घाबरट माणसाला गाता येतं असं करता येईल का, म्हणजे बोलताना तोतरा आणि गाताना एकदम सुरेल. मालिकेत तू एकदा नीट गायलास की लोकांना तुझं तोंड आणि तुझा सूर एकत्र बघायची सवय लागेल, आणि ती सवय कुठल्या अल्बमने लागणार नाही. तिथे तू स्वतः चाल लावलीस किंवा शब्द लिहिलेस तर संगीतकार-गीतकार म्हणून नाव करारात आलं पाहिजे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा लिहून घेऊनसुद्धा काढून घेता येत नाही, पण तो गोळा करायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा सभासद व्हावं लागतं. आपल्याकडची कितीतरी गाणारी-लिहिणारी पोरं यूट्यूबवर कोटींनी व्ह्यू असलेल्या अहिराणी गाण्यांची चाल पाच-दहा हजारांत रोख देऊन मोकळी होतात, कागद नाही, नाव नाही, मग लग्नात डीजेवर स्वतःचंच गाणं ऐकत नाचतात. तुम्हीही वाचताय ना, नाव नोंदवा रे.

अहिराणीवरून आठवलं. तू लिहिलंयस की शोमध्ये तुला 'खान्देशचा आहेस ना, मग अहिराणीत बोल' असं सांगितलं आणि तू रावेरचा असून उसनी अहिराणी बोललास, आणि धुळ्याकडच्या लोकांनी नावं ठेवली. मुंबईकरांना कसारा घाट ओलांडला की सगळं सारखंच दिसतं, त्यांना काय माहीत खान्देशातल्या वेगवेगळ्या बोली, तावडी काय, लेवा बोली काय, गुजरी काय. बहिणाबाईंची लेवा बोलीतली गाणीसुद्धा लोक बिनधास्त अहिराणी म्हणून सांगतात, मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय, म्हणजे सोडलेलं नाही, इथे केलंच. नव्या मालिकेत तुझ्या घरची बोली बोलतो म्हण. घाबरट माणूस आईच्या भाषेत घाबरला की तो नुसता नमुना राहत नाही, माणूस होतो. विनोदी नट भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलतात तेव्हा ती त्यांची स्वतःची असते म्हणून ऐकावीशी वाटते.

आणि ते तीन लाख. नको. अजिबात नको. व्हिडिओ अल्बम म्हणजे काय असतं मला ठाऊक आहे, ड्रोन, नदीकाठ, कुर्ता, आणि गाण्यावर खर्च उरलेल्या चिल्लरचा. तुझ्याकडे गाणी तयार नाहीत, रियाज सुटलेला आहे, आणि लोकांनी तुला अजून गाताना नीट ऐकलेलंच नाही. आधी दोन-तीन गाणी पेटी-तबल्यावर बसव, जळगावात साधा स्टुडिओ घेऊन नुसता आवाज रेकॉर्ड कर, व्हिडिओत तुझा चेहरासुद्धा नको. हो, मुद्दाम सांगते, चेहरा नको. लोकांना आधी कळू दे की हा आवाज बरा आहे, कोणाचा आहे ते नंतर कळेल, आणि मग खालच्या कमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच 'अरे हा तर आपला मी काही बोल्लोच नाही!' लिहू दे.

पण त्याच्याही आधी शांततेची सवय कर. कशी, तर अशा जागी गा जिथे शांतता रोजचीच आहे. तुमच्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात, संत मुक्ताईचं मुक्ताईनगर तुझ्यापासून पाऊण-एक तासावर. एखाद्या सप्ताहात कीर्तनकाराच्या मागे चाल म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभा राहा. आधी फोन करून महाराजांना सांग की मी सेलिब्रिटी म्हणून येत नाहीये, स्टेजवर सत्कार, नारळ, शाल काही नको, मला मागच्या रांगेत उभं करा. पहिल्या दिवशी पोरं सेल्फीला येतील, दुसऱ्या दिवशीही येतील, तिसऱ्या दिवशी त्यांनाही हरिपाठ म्हणायचा असतो. तिथे तुझ्या चेहऱ्याचं काही काम नाही, सगळे विठ्ठलाकडे बघत असतात, तू मान आत घेतलीस तरी कोणाला दिसणार नाही. आणि चाल चुकली तर शेजारचा टाळकरी कोपर मारेल, ते वेगळं. आठ दिवस हे केलंस की तुझ्या अंगाला कळेल, लोक गप्प आहेत म्हणजे काही बिघडलेलं नाही.

स्टेजवर गायची वेळ आलीच, आणि येणारच, गणपती-नवरात्र आहेत, तर क्रम बदल. तू कानबाईला थेट संथ अभंगाने सुरुवात केलीस, फुगड्यांच्या मधोमध, तेही जरा अवघडच होतं. आधी लोकांना हवं ते दे, पात्र कर, पालुपद म्हण, हसव मनसोक्त. मग पाणी पी, माईक स्टँडला लाव, हातात पेटी घे आणि बसून गा. उभं राहून गातोस तेव्हा अंग नोकराचं होतं, पेटीवर बसलास की मान आत घ्यायला जागाच राहत नाही, हात भात्यात अडकलेला असतो. तेवढं केलंस की अर्धं काम झालं. कोणी मागून ओरडला तर त्याच्याकडे बघून नुसतं हस आणि पुढची ओळ सुरू कर, उत्तर देऊ नकोस, तुला हजरजबाबीपणाची खाज आहे हे पत्रावरून दिसतंच.

वडिलांचं तू दोन ओळीत संपवलंस, 'त्यांना फक्त केळी कळते.' मला तसं वाटत नाही. जो माणूस आयुष्यभर भजनात पेटी वाजवत आला तो पोराला 'गाऊ नको' म्हणत नाहीये, तो म्हणतोय मुंबईत एकटा झुरू नकोस. केळीत लक्ष घाल म्हणजे नक्की काय घाल ते तरी विचार, करपा रोग बघायचा की व्यापाऱ्याशी भावाचं बोलायचं? आणि विचारताना पेटी जवळ असू दे. त्यांच्याकडून दोन जुन्या चाली घे, तुझ्या गावच्या मंडळाच्या, त्या यूट्यूबवर नाहीत आणि त्यांच्यानंतर कुठेच नसतील. अल्बमला गाणी नाहीत म्हणतेय ना मी, ती बहुतेक तुझ्या घरातच आहेत. गांधर्वची विशारदही राहिलीय तुझी, मालिकेच्या वर्षात परीक्षा देणं कठीण आहे पण फॉर्म भरला की निदान रियाजाला तारीख मिळते, आणि नटाला तारीख मिळाल्याशिवाय काही होत नाही हे काय मी सांगायचं.

बायकोला एक सांग, की काम घेतोय पण अमुक अटींवर, आणि अट नाही मानली तर घेणार नाही. तिला आत्ताच सांग, नंतर नको, कारण ती मनात ईएमआयचा हिशेब मांडून बसलेली असणार. तिने 'काम घे' म्हटलं ते तुझ्या गाण्यावर विश्वास नाही म्हणून, असं तुला वाटतंय. पण मांडवात तुझी पहिली ओळ संपल्यावर ती रडली हे तूच लिहिलंयस, आणि तेही कंसात!

शेवटचं, पैशाचं. मालिकेचं पेमेंट साधारण 90 दिवसांनी हातात येतं, म्हणजे मे महिन्यात राबलास तर ऑगस्टात पैसे, तेव्हा पहिले तीन महिने मुंबईचं भाडं कुठून भरणार ते होकार देण्याआधी ठरव, आणि गावच्या सोसायटीच्या कर्जावर नको, सुपाऱ्यांतून बाजूला टाकलेलं असेल तर त्यातून. आणि तू रागाने लिहिलंयस की 'हातात येताना 10 टक्के कापूनच येतात', ते कोणी खात नाही भाऊ, तो टीडीएस असतो, आधीच कापलेला आयकर, तुझ्या पॅनवर जमा होतो. तुझं वर्षाचं उत्पन्न फार नसेल तर त्यातलं बरंचसं परत मिळायला पाहिजे, पण रिटर्न वेळेत भरला तरच. रावेरला नाहीतर भुसावळला एखादा सीए गाठ, सव्वातीन वर्षांचे सगळे कागद घेऊन जा आणि विचार कुठल्या वर्षाचं अजून मागता येतं. जे काही परत येईल त्यातून आधी वडिलांच्या पेटीचा भाता दुरुस्त करून घे, फाटलाय म्हणून लिहिलंयस.

तुझी,
आक्का